कापड की तांबं

प्रिय प्रांग,

फोनवर तू मला ब्लॉक करून टाकलंस, म्हणून कागदावर आलोय. पत्र लग्नाच्या आहेराच्या पाकिटात घालतोय, गुलाबी, वर सोनेरी हंसांची जोडी. तुझी आई ते दोन्ही हातांनी घेईल आणि म्हणेल, "मनाचा मोठा आहेस हो, खेम." मीही हात जोडून वाकेन. आता उघडलंच आहेस तर पुरतं वाच. आत नोटा नाहीत.

पिकअपला नवा क्लच बसवून झाला. इंजिन नऊशे घोड्यांच्या ताकदीवर गेल्यापासून जुना एका चकतीचा क्लच दर शर्यतीत जळत होता, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? चालवत तूच होतीस. दोन चकत्यांचा घ्यायचा की तीन, एवढाच प्रश्न होता. तुला दोन हव्या होत्या, कापडाच्या. आपल्या गॅरेजात मऊ अस्तराच्या चकतीला कापड म्हणतात, त्यात नेसण्यासारखं काही नसलं तरी. सुटताना ते पळभर घसरतं, चाकांना श्वास घेऊ देतं, मग धरतं. तांब्याची चकती घसरत बिसरत नाही. पाय सुटला की कचकन चावते, आणि मग मागचं जे कमजोर असेल ते जातं. मला तुझं पटलं होतं. दोन कापडांचा क्लच मी मागवून, पुसून, बाकावर मांडून ठेवला होता.

तेवढ्यात गाडीचा मालक आणि तुझा होणारा नवरा हिया तोंग आला, मागे चार मित्र. थोरल्या भावाला म्हणायचा हा 'हिया' शब्द मोठा गमतीचा आहे. सूर जरा घसरला की त्याची घोरपड होते, आणि घोरपडीहून वाईट शिवी आपल्याकडे नाही. माझा सूर हल्ली फार घसरतो. "काय रे अर्धवट," तो म्हणाला. कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून मी अर्धवट. त्याच्या बापाची कोळंबीची शीतगृहं आहेत म्हणून तो पुरता. "काय घालतोयस माझ्या गाडीत?" मी म्हटलं, "दोन कापडी, हिया. प्रांगच्या पायाला बेताचा." तर तो हसायलाच लागला. "नऊशे घोड्यांना कापड? कापड बायकांनी नेसावं रे! तांबं घाल. तीनच्या तीन. आणि वरची स्प्रिंग सगळ्यात कडक. उद्या मी बसणार आहे. सून शर्यतीत उन्हानं काळी पडते म्हणते आई."

तू तिथेच होतीस, हातात त्याच्यासाठी बर्फाची कॉफी घेऊन. तुझे वडील, ज्यांना अख्खं समुत साखोन शहर उस्ताद म्हणून मान देतं, त्यांनी तोंड उघडलं, "हिया, तांबं जरा..." आणि मिटलं. मोठ्या माणसाचं चारचौघांत तोंड पडेल असं बोलायचं नाही, ही आपली रीत. बिचाऱ्या तोंगनं 'कापड' या एका शब्दावर रुसून क्लच निवडला आणि तो शब्द त्याला समजावून सांगायला आपल्यात एक माणूस पुढे आला नाही. मी आलो. म्हटलं, "बरोबर आहे हिया. कापड म्हणजे बायकीच." त्यावर खूश होऊन त्यानं माझ्या डोक्यावर टपली मारली. डोक्यावर, प्रांग. जिथे माझ्या बापानंही कधी हात लावला नाही. आणि तू कॉफीतला बर्फ ढवळत होतीस.

मिठागरांमधला तो रस्ता आठवतो? माझा पेपर होता त्या दिवशी. तू कॉलेजच्या गेटवर येऊन, दादा म्हणायचा तो 'फी' नावाआधी लावून म्हणालीस, "फी खेम, आज रस्ता मोकळा आहे, शिकव ना." मी पेन खिशात घातलं ते कायमचं. तुझ्या गुडघ्यावर बोट ठेवून सांगत होतो, आता सोड, आता थांब, आता सोड. वीसदा गाडी बंद पडली, मीठ गोळा करणाऱ्या बाया हसत होत्या. एकविसाव्या वेळी ती अशी सुटली की मला वाटलं, हिच्याशी लग्न केलं नाही तर मी मेलोच. बघ, जिवंत आहे.

आज दुपारी तू एकटी येऊन गाडीत बसलीस. मी गाडीखाली होतो, तुला कळलं नसेल. क्लच दाबलास. पेडल अर्ध्यावरून परत आलेलं मला खालूनही कळलं. उतरलीस आणि स्वतःशीच म्हणालीस, "जड आहे." एवढंच. बदला म्हणाली नाहीस.

आता नीट ऐक. उद्या पथुम थानीच्या शर्यतीच्या पट्टीवर हिरवा दिवा लागला की तो पाय झटकन सोडेल, त्याला दुसरं येत नाही. पट्टीवर चिकट द्रव ओतलेला असतो, म्हणजे चाकं घसरणार नाहीत. तांबं घसरत नाही. मग मागच्या चाकांकडे जाणारा दांडा तुटेल. त्याला खरचटणारही नाही, दांड्याभोवती लोखंडी कडं मी स्वतः घातलंय. फक्त छत्रीखाली बसलेल्या त्याच्या आईसमोर, बोलावलेल्या साऱ्या पाहुण्यांसमोर, त्याला ढकलत बाहेर नेतील, आणि पुन्हा तो त्या सीटवर बसणार नाही. ती सीट तुझी. तू आज "कापड घाल" म्हणालीस तर तो ऐकेल, तुझं तेवढं ऐकतो. कापडी क्लच बाकावरच आहे, सकाळपर्यंत बसवून देतो. मग तो जिंकेल, आणि ती सीट तुला जन्मात मिळणार नाही. मी गप्प बसलो असतो तरी दांडा तुटलाच असता, आणि तू निर्मळ मनानं त्याच्या खांद्यावर रडली असतीस. ते मला बघवलं नसतं. म्हणून लिहितोय. आता तुला माहीत आहे. गप्प राहिलीस तर उद्याचा तो आवाज त्या सगळ्या गर्दीत आपल्या दोघांनाच आधीपासून ऐकू येत असेल, आणि लग्नात त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसशील, तेव्हाही ते तुझ्या माझ्यातच राहील. त्याच्याशी खुशाल लग्न कर.

तरीही तुझाच,
खेम