एकेक वायर काढून बघणे

सोमवार, ४ मार्च

गाडी मिसिंग मारतेय! सकाळी किल्ली फिरवली, तर आमची म्हातारी पिकअप हिव भरल्यासारखी कापायला लागली. चारातला एक सिलिंडर बंद. बघायचीही गरज नाही, आवाजच सांगतो — तिघं ओझं उचलतायत आणि चौथा नुसता हात लावून चालतोय.

नेमका आत्ताच मुहूर्त मिळाला हिला! रविवारी लेक येतेय, नातीला घेऊन. फोनवर शब्द देऊन बसलोय — स्टेशनवरून तुला पुढच्या सीटवर बसवणार, घाटातून आणणार, हॉर्न तूच वाजवायचा.

"आजोबा, नक्की?"

"नक्की म्हणजे नक्की!"

आता गाडी नाही म्हटलं, तर सहा वर्षांच्या पोरीपुढे नाक कापलं जाईल.

बायकोने खिडकीतून विचारलं, "काय झालं हो?" म्हटलं, गाडीला सर्दी झालीय. "मग बसने आणू या त्यांना." लगेच बस! या बाईला माझ्या गाडीचं सुख कधी बघवलंच नाही.

मंगळवार, ५ मार्च

सापडलं! जुनीच युक्ती. इंजिन चालू ठेवायचं आणि प्लगच्या वायरी एकेक काढून बघायच्या. काढल्यावर इंजिन आणखी अडखळलं, तर तो सिलिंडर काम करतोय. काढूनही काहीच फरक पडला नाही, तर समजायचं — हाच तो कामचोर.

तीन नंबर निघाला. वायर प्लगवर नीट बसलीच नव्हती. दाबली — टक्! गाडी लगेच शहाण्यासारखी चालायला लागली.

चक्कर मारून आलो. आत घेताना उजवा आरसा फाटकाच्या खांबाला घासला. खांब कललाय. गवंड्याला सांगायला हवं.

समोरची काचही धुरकट झालीय. उद्या पुसतो.

बुधवार, ६ मार्च

पुन्हा मिसिंग. आज एक नंबर!

काल तीन, आज एक. बिघाड आहे की घरोघर फिरणारा पाहुणा? वायर दाबली, गाडी सुरू. पण मनाला पटेना. चारही प्लग काढले, घासले. प्लगच्या टोकाची ठिणगीची फट बघायला भिंग उजव्या डोळ्याला लावलं, तरी धड दिसेना. हल्ली भिंगंसुद्धा टाकाऊ बनवतात. बायकोने प्लग हातातून घेतला, एकदा बघितलं, म्हणाली, "फट बरोबर आहे." चाळीस वर्षं माझ्या बाजूला बॅटरी धरून उभी राहिली आहे, एवढं तरी येणारच. श्रेय माझं.

काच साबणाने पुसली, मग वर्तमानपत्राने. मग पुन्हा साबणाने. धुरकट ती धुरकटच. काचच बदलायला झालीय.

गुरुवार, ७ मार्च

आज चार नंबर!! शेवटी मेकॅनिकला बोलावलं. माणूस हुशार आहे — मला गुरू मानतो, यावरूनच कळतं. त्याने वाकून बघितलं, नाक खाजवलं.

"काका, वायरी ठणठणीत आहेत. अशा आपोआप निघत नाहीत."

"मग उंदीर?"

"उंदीर कुरतडतो, काका. पुसत नाही."

म्हणजे काय, हे विचारणार तोवर बायको चहा घेऊन आली आणि याने कपात तोंड घातलं. जाताना मात्र तिच्याकडे बघून हसला, गाढव.

पुसत नाही?

शुक्रवार, ८ मार्च

बॉनेट उघडून बोटं फिरवली. इंजिनवर जन्माचं तेल आणि धूळ, हात कोपरापर्यंत काळे झाले. दोन नंबरच्या वायरीची टोपी चिकट. पण एक, तीन आणि चारच्या? कोरड्या! लख्ख!

चोरी करायला येऊनही जाताना धूळ पुसून जाईल, अशी या जगात एकच व्यक्ती आहे. आणि ती आत्ता आत भांडी लावतेय.

दोन नंबर उरलाय. उद्या बघतोच.

शनिवार, ९ मार्च

रंगेहाथ पकडली! सकाळी पिंपामागे दबा धरून बसलो. गुडघे बोंबलले, पण हललो नाही. बाईसाहेब आल्या, बॉनेट वर केलं, दोन नंबरची वायर सराईतासारखी उपसली आणि पदराला खोचलेला फडका काढून पुसायला लागल्या.

मी कडाडलो, "उद्या नात यायचीय आणि तू गाडी बिघडवतेस?"

ती दचकली, पण वायर सोडली नाही. "नात यायचीय म्हणूनच."

"म्हणूनच म्हणजे?"

"मागच्या आठवड्यात बाजारातून येताना मी स्टिअरिंग ओढलं होतं, आठवतंय?"

न आठवायला काय झालं! चालत्या गाडीत हात घालतेस, डोकं ठिकाणावर आहे का — घर येईपर्यंत झाडलं होतं तिला.

"उजवीकडून ती सायकलवाली बाई येत होती," ती म्हणाली. "थोडक्यात वाचली."

"कुठली सायकल?"

ती फडक्याची घडी घालत राहिली.

"अगं, कुठली सायकल?"

"डोळे दाखवा, डोळे दाखवा म्हणून वर्षभर कानीकपाळी ओरडतेय," ती म्हणाली. "आणि तुम्ही काच पुसताय."

राग आला. मग राग गेला आणि भीती वाटली, खरीखुरी. जेवण गेलं नाही. संध्याकाळपर्यंत तो रस्ता डोळ्यांपुढे आणून बघतोय — बाजार, वळण, झाड. सायकल कुठेच नाही.

रविवार, १० मार्च

सकाळी अंगणात उभा राहिलो, फाटकाकडे तोंड करून. जुनीच युक्ती.

डावा डोळा झाकला. खांब गेला, फाटक गेलं, नुसतं धुकं. तो उघडला, सगळं परत जागेवर आलं. मग उजवा झाकला.

काहीच फरक पडला नाही.

आत जाऊन किल्ली बायकोच्या हातात दिली. म्हटलं, चल, बस चुकेल.