हात मांडीखाली

३ नोव्हेंबर, रविवार. सौंसर

वरच्या खोलीतल्या माझ्या गेमच्या वर्गाला नऊ जण येणार होते. दोन आले. बाकीच्यांना वाटलं, गेम खेळायला मिळेल. बनवायचा आहे म्हटल्यावर सगळ्यांच्या घरी एकदम संत्र्याची तोड निघाली.

उरले ते असे. हेमंतभाऊ, पांढुर्णा गाडीवर कंडक्टर, वय चौतीस. आणि मोहगावची प्रज्ञा, बी.एससी. झालेली, घरी कॉम्प्युटर नाही, पोरगी हुशार आहे. दोघांनाही तो बस चालवायचा गेम पाठ आहे आणि त्यात आपली गाडी, आपला रस्ता घालायचा आहे. हे.भाऊ म्हणाले, "दिवसभर गाडीतच असतो मॅडम, पण स्टेरिंग काही कधी हाती आलं नाई."

नियम सांगितले. दर आठवड्याला एक छोटं काम, भाषण नाही. रोजची फाईल तारीख घालून वेगळी ठेवायची. प्रत्येक कामासोबत एक नोंद : कोणी काय केलं, कोणाचं काय घेतलं. मॉडवाल्यांची ही जुनी रीत आहे, ती पाळायची म्हणजे पाळायची. आणि शेवटचा नियम माझ्यासाठी. मी त्यांच्या माऊसला हात लावणार नाही. शिकवताना माझे हात मांडीखाली.

आईने विचारलं, मॉड म्हणजे काय. सांगितलं, दुसऱ्याने केलेल्या गेममध्ये आपलं सामान घालायचं. आई : "म्हणजे भाड्याच्या घरात आपला ओटा." बरोबर आहे. पुण्यात गेमच्या कंपनीत बारा वर्षं मी असेच ओटे घातले, एकावरही माझं नाव नाही. मग एक दिवस मेल आला की उद्यापासून येऊ नका.

१० नोव्हें., रवि.

काम १. बसचा रंग आणि पाटी. हे.भाऊंची पाटी उलटी उमटली, आरशात दिसते तशी. प्रज्ञा म्हणाली, "भाऊ, पॅसेंजर मागं तोंड करून येणार हाय का?" खूप हसलो. पाटी सरळ करायला त्यांना पाऊण तास लागला. मला अर्धं मिनिट लागलं असतं. हातांना मुंग्या आल्या.

१७ नोव्हें., रवि.

काम २. एक बसस्टॉप, खऱ्या मापाचा. प्र.ने मोहगावचा स्टॉप ओढणीने मोजून आणला. तीन ओढण्या आणि दोन वीत. मी हसले. गेममध्ये बस उभी केली तर दार बरोबर पायरीसमोर आलं. हसू परत घेतलं.

प्रत्येक तुकड्याला तिने नाव दिलंय : लिंब, तुटकं बाक, पाण्याची टाकी. म्हटलं, कंपनीत नंबर देतात, मी तर रस्त्याला कायम र-००१ पासून सुरू करते. "नंबर कायले मॅडम? लिंबाले लिंब नाई म्हणायचं तं काय म्हणायचं?"

२४ नोव्हें., रवि.

काम ३. रस्ता. इथेच सगळे अडतात. गेममध्ये डोळ्याला दिसणारा रस्ता वेगळा करावा लागतो आणि चाकाला लागणारा वेगळा. दुसरा विसरला की बस डांबरातून सरळ खाली. हे.भाऊ : "आमच्या रोडवर तं दिसायचाच बनवला हाय, चालायचा रायलाच."

प्र.ची बस लिंबाच्या वळणापर्यंत छान येते आणि तिथे गडप. मला पाहताक्षणी कारण दिसलं. चाकाच्या रस्त्याची एक पट्टी उलटी बसली आहे, पाठ वर आणि तोंड खाली. सांगितलं नाही. शोधू दे.

२७ नोव्हें., बुध.

निखिलचा फोन. पुण्यात माझ्या हाताखाली होता, माझ्याकडूनच रस्ते शिकला. आता नागपुरात स्वतःच्या कंपनीत माणसं घेतोय. म्हणाला, "ताई, शिकाऊ एक जागा आहे. कोणी असेल तर काम पाठवा, शनिवार, सात तारखेपर्यंत." माझ्याबद्दल काही विचारलं नाही. मीही नाही विचारलं.

प्र.ला सांगितलं. तिचं हे नाही झालं तर संक्रांतीनंतर पांढुर्ण्याला मामाच्या कटलरीच्या दुकानात बसायचं, घरी ठरलं आहे. "बांगड्या दाखवून रायली असती मी जलमभर," म्हणाली आणि लगेच मशीनसमोर बसली.

१ डिसें., रवि.

बस अजून पडते. अकरा प्रती केल्या पोरीने, तारीखवार. दिसणारा रस्ताच पुन्हा पुन्हा खोडून काढते आहे, खालच्याकडे बघतच नाही. "एक डाव दाखवा ना मॅडम." नाही म्हटलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आता वाटतं, निदान 'खाली बघ' एवढं तरी बोलायचं होतं. तेवढं चाललं असतं. पण नियम, नियम.

७ डिसें., शनि.

पाठवायचा दिवस. प्र. येऊ शकली नाही, घरी पाहुणे. दुपारी नुसतं बघावं म्हणून फाईल उघडली.

पट्टी सरळ केली. मग बाजूच्या पट्टीचा सांधा दिसत होता, तो केला. मग वळणाला उतारच नव्हता. मग... दोन तास गेले. सगळा चाकाचा रस्ता उपटून नवा केला. कडेची माती, झाडांच्या सावल्या, सगळं माझ्या पद्धतीने लावलं. एक वर्षाने असं काम केलं. फार छान झालंय.

नोंद उघडली. त्यात तिने लिहिलंय, 'रस्ता, स्टॉप, झाडे : प्रज्ञा.' तशीच ठेवली आणि पाठवून दिलं.

८ डिसें., रवि.

प्र.ला खेळायची तयार प्रत दिली, आतली फाईल नाही. म्हटलं, "एक सेटिंग राहिलं होतं, बाकी तुझंच." बस लिंबाचं वळण घेऊन थेट स्टॉपवर. हे.भाऊ उभे राहून ओरडले, "चला मोहगाव, मोहगाव, मोहगाव! सुट्टे काढून ठेवा!" प्र. टाळ्या वाजवत होती. मीही वाजवल्या.

१२ डिसें., गुरु.

निखिलचा मेल. सोमवारी प्र.ला नागपूरला बोलावलंय. 'काम फारच पक्कं आहे.' हा एक शब्द मी दिवसभर मनात घोळवत राहिले. पक्कं.

१४ डिसें., शनि.

प्र.चा फोन. "जायच्या पयले एकडाव फाईल उघडून पाहू का? येऊ का?" म्हटलं, आज मशीन बंद आहे, तू आराम कर, काय घालून जायचं ते बघ. मशीन माझ्यासमोर चालू होतं.

१६ डिसें., सोम.

फोन नाही.

१७ डिसें., मंगळ.

आली. चप्पल न काढता दारातच उभी. जे बोलली ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

"त्यायनं माहीच फाईल उघडून देली. म्हणे, या रस्त्याले पुढं अजून एक वळण जोडून दाखवा. म्या पायलं तं लिंब नाई, बाक नाई, काईच नाई. नुसतं र-००१, र-००२. माही नावंच नोयती मॅडम त्यात. मले कुठून धरू समजेना. जोडलं तं बस पडली."

मग?

"मग त्यायनं इचारलं, हे कोणं केलं. म्या म्हटलं, मीच. मले काय मालूम? तुमीच सांगतलं होतं, तुझंच हाय. ते हसले. म्हणे, तुमच्या मॅडमले सांगजा, हात अजून तसाच हाय."

काहून केलं मॅडम, काहून केलं, असं दोनदा विचारलं. मी म्हटलं, तुझ्या भल्यासाठी. एवढंच सुचलं.

मशीनवर बसून तिने एक तारखेची तिची प्रत आणि सातची माझी शेजारी शेजारी उघडली. मीच शिकवलेलं. एकेक पट्टी ताडून बघितली. मग सातच्या नोंदीत स्वतःच्या नावावरचा 'रस्ता' खोडला आणि माझं नाव घातलं. पूर्ण नाव, आडनावासकट. साठवलं आणि गेली.

बारा वर्षांत पहिल्यांदा माझं नाव आलं.

१८ डिसें., बुध.

भल्यासाठी वगैरे खोटं आहे. इथे तरी खरं लिहावं. निखिलने माझं काम बघावं, एवढंच हवं होतं. 'हात अजून तसाच आहे' हे ऐकलं तेव्हा, ती समोर रडत असताना, मला आधी बरं वाटलं. आधी बरं वाटलं आणि मग लाज. अशी बाई मी.

निखिलला सगळं लिहिलं. दोष माझा, मुलीला काही माहीत नव्हतं. चार वेळा लिहून खोडलं, पाचव्यांदा पाठवलं.

२१ डिसें., शनि.

उत्तर आलं. दोन ओळी. 'अंदाज होता. जागा पंधरा जानेवारीपर्यंत ठेवतो, तिला तिचं स्वतःचं घेऊन यायला सांगा, पडणारं असलं तरी चालेल, पण का पडतं ते तिला सांगता आलं पाहिजे.' माझ्याबद्दल एक अक्षर नाही. बरोबरच आहे.

२२ डिसें., रवि.

फक्त हे.भाऊ. निखिलचा निरोप प्र.ला त्यांच्याच हाती दिला, ती माझा फोन घेत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रागावू नका मॅडम. पण तिकीट पोरीच्या नावाचं, अन् शीटवर तुमीच जाऊन बसल्या." त्यांना चहा करून दिला. त्यांनी तो अर्धाच घेतला.

आईनेही विचारलं, "ती ओढणीवाली पोरगी येत नाही का आता?"

२९ डिसें., रवि.

प्र. आली! माझ्याशी बोलली नाही. खिडकीकडचं मशीन घेतलं, रिकामी फाईल उघडली, पहिल्या तुकड्याला नाव दिलं. लिंब. मी हे.भाऊंच्या बसच्या हॉर्नच्या कामात डोकं घालून बसले, पण कान तिकडेच होते.

५ जाने., रवि.

प्र.चा रस्ता अर्धा झाला. उघड्या नोंदीवर माझी नजर गेली. 'कोणी हात लावलेला नाही.' ही पहिली ओळ. बाकी पान कोरं.

१२ जाने., रवि.

बुधवारी पंधरा.

रस्ता पुरा झाला. लिंब, वळण, स्टॉप, माती सगळं तिचं, जरा ओबडधोबड. बस आली आणि वळणावर पडली. तीच जागा. पुन्हा एक पट्टी उलटी, मला दारातूनच दिसली. हे.भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "सांगा ना मॅडम, बुधवार आला." प्र. मान न वळवता म्हणाली, "कोणी बोलू नका."

तासभर तिने बस पाडली. मोजत होते, सतरा वेळा. अठराव्यांदा तिने नजर रस्त्याच्या खाली नेली आणि खालून वर पाहायला लागली. पहिल्यांदाच.  पट्टी तिच्या अगदी समोर होती, सरळ पट्ट्या खालून दिसतच नाहीत, ती एकटीच भरीव दिसते. दिसली का तिला? तेवढ्यात हे.भाऊ म्हणाले, चारची गाडी चुकेल, मग मोहगावला काही नाही. प्रत पेन ड्राइव्हवर घेतली, पिशवी उचलली. दारात थांबून म्हणाली, "उद्या येतो. मशीन चालू ठेवजा, नाई तं बंद हाय म्हणसान." जवळजवळ महिन्याने माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. ऐकून घेतलं.

आता साडेचार. तिची फाईल पडद्यावर उघडीच आहे. घाईत राहिली की मुद्दाम ठेवली, कळत नाही. पट्टी समोर दिसते आहे. एक क्लिक. तिला कधी कळणारही नाही... नाही, कळेल. ती दोन्ही प्रती ताडून बघेल.

खाली जाऊन आले. पुन्हा येऊन बसले. वही काढली ती यासाठी, की लिहिताना निदान हात गुंतलेले राहतात. पान संपत आलं.