सातवं पान

नागाव,
माघ शुद्ध द्वितीया, १९६२

प्रिय सदा,

तुला पत्र लिहायचं म्हणजे आधी दौत शोधा, मग टाक शोधा, आणि तो सापडेपर्यंत चुलीवरचं उतू जातं. म्हणून एरवी लिहीत नाही, रागाने नव्हे. माझ्या अक्षराला हसू नकोस. चौथीपर्यंतच शाळा झाली, आणि त्यातली निम्मी तुला, धाकट्या भावाला, कडेवर घेऊन.

आमचं सगळं ठीक आहे असं लिहायचा रिवाज आहे, म्हणून लिहिते. भात झोडून झालं. खाडीचा बांध फुटला आणि खालच्या खाचरांत खारं पाणी शिरलं. बांध घालायला गावात हातच नव्हते. तरणी माणसं मुंबईला, इथे म्हातारे, बायका आणि पोरं. रेवसची लाँच जाते ती भरून, येते ती रिकामी. परवा आपला थोरला दादा वरच्या खाचरात एकटाच ढेकळं फोडत होता. मग शिंपल्यांचा चुना घेऊन त्याने हुतुतूच्या रेघा मारल्या. गुडघा सुजून नारळाएवढा झालाय, पण मधली रेघ बघ कशी ताणलेल्या दोरीसारखी. मी म्हटलं, खेळणार कोण? त्याने ऐकलं नाही, की ऐकून न ऐकल्यासारखं केलं, कोण जाणे.

पौर्णिमेला रेवदंड्यात जिल्ह्याचं अजिंक्यपद आहे. दादाचं पत्र तुला पोचलंच असेल. त्यात काय आहे ते मी न वाचता सांगते. वाघजाई संघाचे सहा गडी जमलेत, सहावा तो स्वतः. सातवा तू.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा तू चड्डी सावरत मैदानाच्या कडेला उभा असायचास. पहिली ढाल थळकरांनी नेली. कोळ्यांचे ते दंड बघून आपले भागोजीकाका पकडीला पुढे जायचे आणि तसेच मागे यायचे, गाव हसून हसून बेजार. तिसऱ्या वर्षी ढाल आपल्याकडे आली. वाजतगाजत नव्हे, बैलगाडीत पेंढ्याखाली झाकून, कारण वाटेत थळकर अडवतील अशी दादाला धास्ती. देवळात पोचल्यावर त्याने पेंढा बाजूला केला आणि सगळ्यांसमोर रडला. दादाला रडताना मी तेवढंच एकदा पाहिलं. पुढे तू मोठा झालास, आणि तुझा दम पार पेणपर्यंत गाजला. एका दमात शेवटच्या रेघेपर्यंत जाऊन परत यायचास, आणि वर माझ्याकडे बघून हसायचास. मला किती गर्व होता तुझा, ते कधी बोलले नाही.

मग गिरण्यांनी एकेकाला नेलं. ढाल गेली, ती परत आली नाही. आता सगळी धडपड नाव टिकवायची. आदल्या संध्याकाळी वाघजाईच्या अंगणात संघाची पंगत बसते, शेजारगावचा पंच बघायला येतो. गावचेच सात गडी एका ओळीत गावचा भात जेवले तरच संघाचं नाव राहतं, आणि एकदा गळलेलं नाव जिल्हा परत घेत नाही. जो पानावर बसला त्याने दुसऱ्या दिवशी मैदानात उतरलंच पाहिजे. परगावी घरजावई झालेल्या येसाजीला गेल्या वर्षी आपण हळूच बसवलं, तर पंचाने वालाच्या बिरड्यात बोटं बुडालेली असताना त्याला उठवलं. बिचाऱ्याने हात धोतराला पुसला. तेवढ्यात तू लाँचवरून धावतपळत आलास आणि त्याच पानावर बसलास. दादाने तुझ्या पानावर भाताचा डोंगर केला होता.

दुसऱ्या दिवशी तू चढाईला गेलास आणि मध्येच थांबलास. लोक म्हणाले, पाय घसरला. मी दोरीला लागून उभी होते. तू तोंड बाहीला पुसलंस आणि बाहीवर मूठभर माती चोळलीस. तो सदरा मी धुतला, सदा. माती गेली, खालचा डाग राहिला. विड्याचा असेल असं मनाला समजावत बसले, पण तू विडा कुठे खातोस?

मागच्या आठवड्यात शेजारची भागुबाई मुंबईला लेकाला भेटून आली. तिचा लेक तुझ्याच खोलीत राहतो. तिने सगळं सांगितलं. जिना चढताना तू किती वेळा थांबतोस, छातीचा फोटो पाहून डॉक्टर काय म्हणाले, आणि तरी तू गिरणीत पाळीवर जातोस. दादाला मी काही सांगितलेलं नाही. त्याला सांगितलं तर तो आतून मोडेल, आणि न सांगावं तर वाट बघत बसेल. काल केळीची पानं किती लागतील म्हणून विचारलं, तर रेघेवरून नजर न काढता म्हणाला, "सात. सदा येल, त्याचा पान मांड."

तू येशील, हीच मला भीती आहे. दादाचं पत्र वाचून तू येशील, पानावर बसशील, आणि त्याने नुसतं बघितलं तरी दम धरून पलीकडे धावशील. म्हणून हे लिहिते आहे. येऊ नकोस. पंगतीला मी सहाच पानं मांडीन. सहावर थांबलं की पंच उठेल, नाव जाईल, आणि पंधरा वर्षांत दादाने दुसरं काही जोडलेलं नाही. तो विचारेल तेव्हा मी सांगेन की मीच तुला अडवलं. मग तो माझ्याशी बोलला नाही तर नाही. तू बरा होशील असं लिहायला हात उठत नाही, खोटं मला कधी जमलं नाही. पौर्णिमा होऊन जाऊ दे, मैदान पुन्हा खाचर होऊ दे, मग ये. राहायलाच ये. रेवसच्या धक्क्यावर मी स्वतः येईन. घाई नाही, सावकाश चालू.

तुझीच बाय,
कोकिळा