पट्ट्याचा पंप, विजेचा पंप आणि गिरीजच्या विहिरीचं पाणी

पप्पा, तुमचं इंजिन गेलं. गेलं की अजून थोडं शिल्लक आहे तेही मला कळत नाहीये, आणि विचारायला कोणी नाही. शेवटच्या आजारपणात, हात थरथरत असताना, वालीवच्या शेडमध्ये स्टुलावर बसून तुम्ही जोडलेलं ते इंजिन. तुमच्यानंतर मी त्याच्या भोवतीचं सगळं बदललं, पण इंजिनचा वरचा भाग, हेड, कधी उघडलं नाही. आत तुम्ही आवळलेला एकही बोल्ट मी सैल केला नाही. दादा गाडी रेसला पळवतो आणि मी ती सांभाळते, असं आमचं चाललं होतं. मागच्या महिन्यात ट्रॅकवर पाण्याचा पंप बंद पडला आणि इंजिन उकळलं. आता ऑइल काढलं तर ते चहासारखं दुधाळ येतं. म्हणजे आतून पाणी ऑइलमध्ये उतरतंय, तुम्हाला सांगायला नको.

पंप विजेचा होता. तुम्हाला तो पटलाच नसता, ठाऊक आहे मला. ‘चालत्या गाडीला बॅटरीच्या भरवशावर पाणी पाजतेस?’ असं म्हणाला असतात. पण माझीही बाजू ऐका ना. पट्ट्यावरचा पंप इंजिनच्या जिवावर फिरतो, म्हणजे चाकांना जायची ताकद थोडी तोच खातो. रेस सुटायची वाट बघत गाडी उभी असली की इंजिन हळू, म्हणून पंपही हळू, आणि नेमका तेव्हाच तापमानाचा काटा चढायला लागतो. विजेच्या पंपाला इंजिनच्या वेगाशी देणंघेणं नसतं. जेवढी गरज, तेवढं पाणी तो फिरवतो. आणि गाडी बंद केल्यावरही फिरवत राहतो, हे मला सगळ्यात जास्त आवडलं होतं. एकदा मी गाडी जोरात पळवून आणली आणि लगेच चावी फिरवून बंद केली, आठवतं? तुम्ही शेडच्या दारातून ओरडत येता, चावी पुन्हा फिरवता, माझा हात धरून वरच्या पाइपवर ठेवता. “पाणी फिरतंय ना? फिरू दे. धावून आलेल्याला कोणी गच्चकन खाली बसवतं का?” पाइप एवढा तापलेला असतो की मी हात ओढते, आणि तुम्ही हसता. विजेचा पंप बसवला तेव्हा वाटलं, आता ही बोलणी कोणालाच खावी लागणार नाहीत.

पण तो सांगून मरत नाही, पप्पा. पट्ट्याचा पंप आधी गळतो, किरकिरतो, चार दिवस रडगाणं गातो. हा एकदम गप्प झाला. पंप थांबला तर पेटेल असा लाल दिवा मी डॅशबोर्डवर लावला होता. दुपारच्या उन्हात दादाला तो दिसलाच नाही. हेल्मेटमध्ये दुसरं काही ऐकूही येत नाही. “काट्याकडे लक्ष गेलं तेव्हा बॉनेटमधून वाफ यायला लागली होती,” तो म्हणाला.

शेवटी मी पंप उघडला. आत पांढरा खार साचला होता, पाती जागच्या जागी चिकटलेली, सील खाल्लेलं. मीठ. ट्रॅकवर कूलंट चालत नाही, सांडलं तर मागच्या गाड्या घसरतात, म्हणून नुसतं पाणी भरावं लागतं. डिस्टिल्ड पाणी भरायचं असतं हे कॉलेजातल्या पोरालाही माहीत आहे. पण आपल्याकडे तुमचा नियम. रेडिएटरला गिरीजच्या आपल्या वाडीतल्या विहिरीचंच पाणी, दुसरं नाही. रेसच्या आदल्या संध्याकाळी मी स्वतः कॅन भरून आणायचे. मम्मीला हे सांगितलं तर ती म्हणाली,

“अगो बाय, ते पाणी कधीचं मचूळ झालंय. आम्ही भांडीसुद्धा घासत नाही त्यानं. केळी करपल्या, बघितल्या नाहीस?”

“मग मला कोणी सांगितलं का नाही?”

“तू कॅन घेऊन जायचीस. मला वाटलं, तुझ्या पप्पांचं काहीतरी असेल.”

मला तुमचा राग आला. असले नियम करून माणसं निघून जातात आणि मागे पाणी बदलतं, मग कोणाशी भांडायचं? लोखंडी जुना पंप ते पाणी पिऊनसुद्धा कुथत चालला असता, निदान घरी पोचेपर्यंत. आता नवीन पंप कुठला बसवायचा यावर दादा वाद घालतो, आणि मला ओरडावंसं वाटतं, की अरे, आधी ज्याला बसवायचाय ते राहिलंय का बघ. हेड वाकलं असेल तर घासता येईल. ब्लॉकला तडा गेला असेल तर संपलं. दादा सरळ म्हणतो, दुसरं इंजिन टाकू, हे भंगारात देऊ. त्याला कसं सांगू की मला गाडी नकोच आहे, तुम्ही जे आवळून ठेवलंय तेवढंच हवंय, आणि ते वाचवायचं तर मलाच पाना लावून सोडवावं लागणार. तुम्ही असतात तर पहिला बोल्ट तुम्ही सोडवला असता.

रोज सकाळी दादा शेडमध्ये येऊन विचारतो, “उघडलंस?” मी सांगते, हेड परत बसवताना खाली घालायचं नवीन गॅस्केट अजून आलं नाही, कुरिअरवाला उद्या म्हणतोय. मम्मीलाही तेच सांगितलंय. पप्पा, गॅस्केट केव्हाच आलंय. घरी कपाटात, माझ्या साड्यांखाली आहे.