बॅटरी बाहेर लटकव

भाईंदर पूर्व
रविवार, १३ जानेवारी २००८

स्प्रिंग आवळली की मोटर अडकते, सैल केली की रोबोट घसरतो, मग मी तरी काय सांगणार? पंधरा दिवस सुमीचं आणि माझं फोनवर हेच भांडण. मी सातवीत शाळा सोडलेला, इथे स्टीलचे पाइप कापतोय. सुमी, माझी बहीण, कराडला पॉलिटेक्निकात खांबावर चढणारा रोबोट बनवतेय. शनिवारी स्पर्धा. वर गेल्यावर मोटर बंद करायची आणि तो खाली यायला नको. तिचा येतो.

आज सुट्टी म्हणून जवळच्या मोरवा गावात गेलो. एक काका माडावर चढले होते. कंबरेमागून आणि माडाभोवती एकच दोर. अर्ध्यावर थांबून मागे रेलले आणि दोन्ही हात सोडून चक्क विडी पेटवली. मी बघतच राहिलो. खालून विचारलं तर म्हणाले, "मागं रेललं की दोर धरतो. झाडाला चिकटशील तर पडशील."

तिथूनच फोन लावला.

"सुमे, बॅटरी कुठे बांधलीस?"

"खांबाला चिकटून. तोल जाऊ नये म्हणून."

"हातभर बाहेर लटकव. वजनानेच पकड बसेल."

"कुणी शिकवलं रे दादा?"

"विडी ओढणाऱ्या काकांनी."

हसत सुटली. संध्याकाळी तिचाच फोन. "मोटर बंद केलीय. तासभर वरच आहे. त्याच्याखाली बसून जेवतेय मी. शनिवारी ये की."

सुट्टी कुठली मिळायला? डोळ्यांसमोर अजून ते रेललेले काका. स्पर्धेसाठी बॅटरीला पक्की लांब पट्टी लागेल, सुमी पैसे मागणार नाही. उद्या मनीऑर्डर करतो. जाण्यायेण्याच्या तिकिटाला लागले असते तेवढेच, तीनशे साठ रुपये.