आतल्या खोलीतला कॉम्प्युटर

दोंडाईचा

प्रिय सुलू,

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून दचकू नकोस. फोनवर बोलायला लागले की तुझ्या नानांचे कान इकडेच असतात.

त्यांना या वयात प्रोग्रॅमिंग शिकायचं खूळ लागलंय. त्यांचा शाळेतला जुना विद्यार्थी अमृत चाळीसगावला जुनी यंत्रं दुरुस्त करतो. तो बिचारा घरी येऊन चांगलं सांगत होता, "नाना, लॅपटॉपवरच शिका, त्यावर जुन्या कॉम्प्युटरची नक्कल चालस, बठ्ठी फुकट शे." एक पैसा लागला नसता. तू ठेवलेला लॅपटॉप पडूनच आहे. पण नाही! तो पोरीचा आहे, तिला दिसेल, म्हणाले. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. मुलीला दिसू नये असं हा माणूस काय शिकणार?

शेवटी अमृतने कुठूनतरी टीव्हीला जोडायचा जुना कॉम्प्युटर आणला. नुसता कीबोर्डच तो. नानांच्या शाळेत पहिल्यांदा आला होता, तसलाच. बंद केला की सगळं विसरतो, जपायचं तर कॅसेटवर उतरवायचं. माझा टीव्ही आतल्या खोलीत गेला, मालिका बुडाल्या आणि रोज दुपारी दार बंद. बाहेर चपला. शाळेत कॉम्प्युटरच्या खोलीत चपला चालत नसत, ती सवय यांनी घरातही लावून घेतली. मी त्या चपलांकडे बघत गहू निवडायचे आणि नाही नाही ते मनात आणायचे. हसू नकोस, पण त्यांच्याबरोबर कॉम्प्युटरच्या प्रशिक्षणाला गेलेल्या बाईंवरही माझा संशय जाऊन आला.

एकदा ते दळण घेऊन गेले, तशी मी त्यांची कॅसेट माझ्या भजनाच्या टेपमध्ये घातली. बाईचा आवाज येईल म्हणून अगदी कान लावून बसले. नुसती कर्कश किंचाळी! शेजारची वना धावत आली. अमृतला फोन केला तर तो हसत सुटला, कॅसेटवर प्रोग्रॅम असाच वाजतो म्हणाला. माझं समाधान झालं नाही.

परवा दार न वाजवता चहा घेऊन आत गेले. टीव्हीवर इंग्रजी अक्षरांत मराठी प्रश्न होते. बायकोचं नाव? समोर माझंच, कोकिळा. इतकं बरं वाटलं मला! खाली मुलीचं नाव? तिथे त्यांनी पार्वता लिहिलं होतं, तुझ्या वारलेल्या आत्याचं. त्याखाली आलं होतं, चूक, पुन्हा सांग. डोकं ठिकाणावर असतं तेव्हा प्रश्न-उत्तरं घालून ठेवतात आणि मग स्वतःचीच परीक्षा घेत बसतात, सुलू. माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरले सांगू नको व." घरातसुद्धा शुद्ध बोलायला लावणारे मास्तर ते. मला रडूच आलं.

सांगणार नाही म्हटलं होतं, तरी सांगतेय. रविवारी ये. डॉक्टरकडे ते तुझ्याच सोबत येतील, माझं ऐकायचे नाहीत. आणि एक कर. दरवेळी मागून येऊन त्यांचे डोळे झाकतेस आणि ओळखा पाहू म्हणतेस, ते या वेळी नको. समोरून ये, आणि दारातच आपलं नाव सांग.

तुझीच,
आई