सिल्वीबाई विसरलेल्या नाहीत, असा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. डिजिटल सेवा अधिकारी,
नगरपालिका कार्यालय, कुइक्कासाल्मी, फिनलंड

विषय: श्रीमती सिल्वी हाउताला यांनी मत दिलेच नव्हते, असा लेखी दाखला तातडीने मिळणेबाबत.

संदर्भ: तळ्याकाठचा सतरंज्या धुण्याचा धक्का ठेवावा की तेथे होड्या लावायला जागा करावी, याविषयीचे आपले ऑनलाइन मतदान.

महोदया,

मी, ओस्मो लेपिस्टो, राहणार जिना ब, दुसरा मजला, सादर करतो की उपरोक्त मतदानात मी होड्यांच्या बाजूने मत दिले. एकदा नव्हे. किती वेळा, ते लिहायला हात धजत नाही. आपल्याकडे नोंद असेलच.

१. माझी होडी मेव्हण्याच्या अंगणात पालथी पडून आहे, एवढेच कारण. आपल्या पानावर एका इंटरनेट-पत्त्यावरून (आयपी म्हणतात तो) एकच मत घेतात. इंटरनेटचे यंत्र बंद करून पुन्हा लावले की पत्ता बदलतो, हे माझ्या लक्षात आले. मला वाटले, नवा पत्ता म्हणजे कोणाचाच नसलेला पत्ता. त्यात कोणाचे काय जाते?

२. काय गेले ते इंटरनेट कंपनीच्या बाईंनी नंतर फोनवर समजावले. कायमचा पत्ता मागितला तरच मिळतो. बाकीच्यांना बदलता मिळतो आणि आमच्या इमारतीत तर एकेका पत्त्यामागे कित्येक घरे असतात. आमच्या सामाईक सौनासारखेच, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरासारखेच ते, फक्त कोणाची पाळी कधी याचा तक्ता नाही. म्हणजे माझे प्रत्येक मत शेजाऱ्यांच्या मताला कुलूप घालत गेले.

३. समोरच्या सिल्वीबाई एकट्या राहतात. धक्क्यासाठी मत द्यायला बसल्या, तर पडद्यावर आले: 'या पत्त्यावरून मत मिळाले आहे. आभारी आहोत.' पत्ता म्हणजे आपल्या घराचा पत्ता, असेच त्यांनी धरले. कोणीही धरेल. कोणाशी बोलावे लागू नये म्हणून जिना रिकामा होईपर्यंत मी नेहमीप्रमाणे दाराआड थांबलो होतो, तेव्हा त्यांची मुलगी तुइया म्हणत होती, "अगं आई, तूच मत दिलंस आणि विसरलीस. घरात दुसरं आहे कोण?" बाई म्हणाल्या, "असेल गं. मीच दिलं असेल. आता तू म्हणशील तिथे येते मी."

तिथे म्हणजे वृद्धाश्रमात. तुइया हिवाळ्यापासून मागे लागली होती आणि बाई बधत नव्हत्या. आता महिनाअखेरीस घर रिकामे व्हायचे आहे. माझा हात कडीवर होता, महोदया. मी दार उघडले नाही.

४. कौल होड्यांच्या बाजूने लागला. धक्का पाडण्यापूर्वी बाईंनी अख्ख्या जिन्याच्या सतरंज्या गोळा केल्या. माझेही दार वाजवले. "आण रे ओस्मो तुझीही. शेवटचंच धुणं. होडीवाल्यांनी पाणी पळवलं आपलं, मेल्यांनी!" मी सतरंजी काढून दिली. अंगणातल्या दांडीवर ती वाळत घालताना म्हणाल्या, "कोपऱ्यातला डाग मी घासला नाही हं. मार्केटाला इस्पितळात नेलंस त्या सकाळी तिच्या हातून कॉफी सांडली होती ना, तो. राहू दे."

मार्केटा माझी पत्नी. ती परत आली नाही. तो डाग कशाचा, हे मीच विसरलो होतो.

सबब नम्र विनंती की माझी सर्व मते रद्द करावीत आणि सोडतीत मला लागलेली होडीची जागा काढून घ्यावी. दंड, शिक्षा, जे नियमात असेल ते द्यावे. परंतु त्याआधी, सिल्वीबाईंची स्मरणशक्ती शाबूत असून चूक पत्त्याची, म्हणजे माझी आहे, असा दाखला तुइयाच्या नावे द्यावा. मी स्वतःसाठी कंपनीकडे कायमचा पत्ता मागितला आहे. यापुढे माझे पाप माझ्याच दारात यावे, दुसऱ्याच्या नको.

दाखल्याला कार्यालयीन वेळ लागणार, हे मी जाणतो. म्हणून हा अर्ज टपालपेटीत टाकून मी थेट समोरचे दार वाजवणार आहे, जिन्यात कोणी असले तरीही.

आपला शरमिंदा,
ओस्मो लेपिस्टो
दि. ११ जून

सोबत: काही नाही. पुरावा म्हणून सतरंजी जोडणार होतो, पण ती अजून वाळलेली नाही.